न दुखणारा पाय

४ जून

प्रिय भाऊजी,

माझे आशीर्वाद होते तिथेच आहेत. तुम्ही न्यायला आला नाहीत म्हणून ते आटले नाहीत.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही पत्र बाजूला टाकाल, म्हणून आधीच सांगते, तुमच्या दादांनी मला लिहायला सांगितलेलं नाही. त्यांना ठाऊकही नाही. ते पुढच्या खोलीत, म्हणजे दुकानात, मशीनवर आहेत आणि मी ओट्याशी उभी राहून कापडकामाच्या जुन्या कागदाच्या पाठीवर लिहिते आहे. मागे कुणाच्या तरी कोटाची बाही आखलेली आहे, तिच्याकडे लक्ष देऊ नका. या घरात पत्रासाठी कोरा कागद कधी आणला गेलाय?

फोन करून पाहिला. तुमचा जुना नंबर आता एका बाईकडे गेलाय. बिचारी चांगली होती. म्हणाली, "तुमचे भाऊजी माझ्याकडे नाहीत हो." मला हसू आलं. पत्ता तुमच्या शाळेतल्या दोस्ताकडून, घड्याळवाल्याकडून घेतला. त्याच्या पोटात काही राहत नाही हे माहीत आहे, पण त्याला शपथ घातली आहे.

विशेष काही नाही. माझा उजवा खांदा धरलाय. हात वर जात नाही, मागे तर अजिबातच जात नाही. वेणी डाव्या हाताने घालते, ती कशी होते ते विचारू नका. आधी वाटलं, ओझं उचलून झालं असेल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखरेमुळे. मामंजींना मधुमेह होता, यांना आहे आणि आता मलाही. माझ्या तर रक्तातही नव्हता. सासरचं अंगी लागतं म्हणायचं झालं!

तपासताना त्या म्हणाल्या, "हात जोडा बघू." मला वाटलं, इतकं वाईट आहे की काय! म्हटलं, "बाई, आत्तापासूनच देवाच्या हवाली?" त्या हसल्या. म्हणाल्या, "तळव्याला तळवा लावा, बोटाला बोट." मी जोडले. पण तळवे मिळेनात, भाऊजी. मध्ये फट राहिली, पलीकडचं टेबल दिसेल एवढी. रोज सकाळ-संध्याकाळ देवापुढे हात जोडणारी मी, मला कधी कळलंच नाही. प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटलेले असतात ना.

त्यांनी समजावून सांगितलं. रक्तातली साखर फार दिवस चढी राहिली की सांध्याभोवतीच्या मऊ पडद्यांना चिकटते आणि ते ताठ होतात. मी म्हटलं, "कापडाला खळ बसते तसं?" त्या म्हणाल्या, अगदी तसं. म्हणजे तुमची वहिनी आतून खळ बसलेली आहे. हळूहळू सुटेल म्हणाल्या, पण साखर उतरवली तर, आणि हात हलता ठेवला तर.

व्यायाम शिकवायला एक दणकट बाई आहे, तिला मी पैलवानीण म्हणते. ती सांगते तसं आधी गरम पाण्याच्या पिशवीने खांदा शेकायचा, मग वाकून हात लोंबता सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायचा. मग भिंतीवर बोटांनी चढायचं, मुंगीसारखं. मी दाराशेजारच्या भिंतीवर चढते आणि जिथवर बोटं जातात तिथे दुकानातल्या खडूने रेघ मारते. अजून दाराच्या वरच्या कडीपर्यंत हात पोचत नाही. खालची कडी तुम्ही शाळेत असताना चेंडू मारून वाकवलीत, ती आजही तशीच आहे. त्यामुळे दार सध्या नुसतं लोटलेलं असतं. यांना म्हटलं तर म्हणतात, "स्टूल घे." कडीकुलूप हे माझं खातं, त्यात ते लग्न झाल्यापासून हात घालत नाहीत.

बाकी ठीक. एकच विचारायचं होतं. मामंजी शेवटच्या वर्षी मशीनवर बसायचे तेव्हा पायडलचा आवाज कसा यायचा, आठवतो का? आठवून ठेवा. मग सांगते.

तुमची
वहिनी


१९ जून

प्रिय भाऊजी,

उत्तर आलं नाही. येईल म्हणून लिहिलं नव्हतं, तरी पोस्टमन दारावरून पुढे गेला की मान वळतेच. मान वळते, खांदा वळत नाही, एवढाच फरक.

खांद्याचं म्हणाल तर कळ अजून येते. कूस बदलली की दंडापर्यंत उतरते. परवा पैलवानिणीपुढे मी रडकुंडीला आले तर ती म्हणाली, "काकू, दुखतंय तिथवर जायचं, ओलांडून जायचं नाही. दुखणं म्हणजे आतून आलेला निरोप आहे, शिवी नाही." हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कारण या घरात एकजण असा आहे, ज्याला निरोपच येत नाही.

आता त्या आवाजाचं सांगते.

तुमच्या दादांचा पाय मशीनवर कसा चालायचा, तुम्हाला माहीत आहे. खट खट खट खट, एकसारखा. त्या आवाजावर मी भाजी चिरलेली आहे, हिशेब मांडलेत, देवाचं नाव घेतलंय. मेमध्ये एका दुपारी मी भांडी विसळत होते आणि तो आवाज बदलला. खट... घर्र. खट... घर्र. टाच उशिरा पडायची आणि पाऊल पायडलवर घासायचं. माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. भाऊजी, तो आवाज मामंजींचा होता. त्यांच्या शेवटच्या वर्षातला. मी पदराला हात पुसत दारात गेले. पाठही त्यांचीच. तोच बाक, डाव्या खांद्यावर तशीच टाकलेली टेप. हाक मारायचं धाडस होईना, कारण वळून कोण बघेल याची खात्री नव्हती.

मग ते वळले. आपलेच. "काय गं?"

"काही नाही. चहा ठेवू?"

"बिनसाखरेचा चहा काय ठेवायचा नि काय उचलायचा," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी टाचण्या वेचायच्या निमित्ताने मी मशीनखाली बसले आणि डाव्या पायाला हात लावला. घोटा दिसतच नव्हता, इतकी सूज. लालसर. आणि तापलेला, नुकती बाजूला ठेवलेली इस्त्री असते तसा. उजवा पाय गार. विचारलं, "दुखतं का हो?"

"नाही."

"मग सुजलाय कशाने?"

"बसून बसून. वय झालं. तुझा खांदा नाही का धरला?"

"माझा दुखतो."

"मग तू जा डॉक्टरकडे. ज्याचं दुखतं त्याने जायचं."

घरातला कायदा सांगावा तसं म्हणाले. आणि कायदाच आहे तो. मामंजीही हेच म्हणायचे.

तेवढ्यात मला तळव्यावर एक काळा ठिपका दिसला. नख लावून पाहिलं. टाचणीचं डोकं होतं, भाऊजी. अख्खी टाचणी आत. मी चिमटीत धरून ओढली, निघाली. त्या सगळ्या वेळात ते वरून मला सांगत होते की अग्निशमन दलाच्या बँडवाल्यांच्या कोटांना ताठ कॉलर द्यायची की दुमडलेली. त्यांनी वाक्य मध्ये तोडलंसुद्धा नाही.

ती टाचणी मी टाचण्यांच्या गादीत परत खोचली नाही. काडेपेटीत घालून देवामागे ठेवली आहे.

तुम्हाला नियम आठवतोय ना? पायडलवर अनवाणीच पाय ठेवायचा. अन्नदात्याला चप्पल लावायची नाही. तुम्ही एकदा शाळेच्या बुटांनी मशीनवर चढलात म्हणून मामंजींनी कान पिळला होता. मीही हा नियम पाळत आणि पाळायला लावत आले, गिऱ्हाइकांच्या पोरांनासुद्धा ओरडत आले. टाचण्यांनी भरलेल्या जमिनीवर, ज्यांच्या पायाला काही कळत नाही ती माणसं अनवाणी. आम्हाला ही भक्ती वाटायची.

पाय कापल्यानंतर मामंजी दुपारचे झोपायचे, तेव्हा तुम्ही बहुतेक कामावर असायचात. मी उशाशी बसून काज करायचे. आणि चादर हलायची. डाव्या बाजूची. मांडीपासून वर-खाली, वर-खाली, एका लयीत. जिथे पाय नव्हता तिथे ते मशीन चालवत होते. मी कधी कुणाला सांगितलं नाही. यांना तर नाहीच. परवापासून ती चादर मला सारखी दिसते. वाळत घातलेली कुठलीही चादर वाऱ्याने हलली तरी मी आधी डावी बाजू बघते.

लिहीन म्हणत नव्हते, लिहून गेलं.

वहिनी


६ जुलै

प्रिय भाऊजी,

त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. "ज्याचं दुखतं त्याने जायचं" ना, मग दुखणारी मी गेले आणि म्हटलं, माझ्या हातावर बाही चढत नाही, कुणीतरी सोबत हवं. तेवढं बरं ऐकतात. तिथे बाईंनी माझा खांदा बघता बघता यांच्या चपलेकडे पाहिलं. डाव्या चपलेचा पट्टा यांनी कात्रीने कापून सैल केलेला. मला तो दिसला नव्हता, बघा! शिंप्याचं कापणं, इतकं बेमालूम.

"काका, चपला काढा," म्हणाल्या. दोन्ही पायांवर त्यांनी उलटा हात ठेवला. मग चेहरा बदलला.

"किती दिवस झाले?"

"दुखत नाही हो मला, बाई."

"त्याचीच तर भीती आहे."

फोटो काढला. तो उजेडात धरून त्यांनी मला दाखवला, यांनी बघितलाच नाही. पावलाच्या मधली लहान लहान हाडं जागेवरून सरकलेली, एक चिरलेलं. साखरेने पायाच्या नसा बधिर होतात. मग आतला सांधा मोडत असला तरी वर कळवायला कुणी नसतं. माणूस चालत राहतो आणि आपल्याच वजनाने आपलं पाऊल चिरडत राहतो. पुढे पाऊल तळाशी फुगतं, तिथे जखम होते, ती भरत नाही. आणि मग काय होतं ते आपल्या घराला वेगळं सांगायला नको.

उपाय एकच सांगितला. आत्ताच्या आत्ता प्लास्टर, आणि तो पाय जमिनीला लावायचा नाही. काही महिने लागतील. हाडं पुन्हा घट्ट झाली, ऊब उतरली, की खास बूट. पाय वाचेल.

हे म्हणाले, "कोट झाले की येतो."

बाई म्हणाल्या, "कोटांसाठी थांबलात तर पँट एका पायाची शिवावी लागेल."

कडू बोलल्या, पण मला बरं वाटलं. कुणीतरी बोललं. हे उठले आणि त्याच पायाने चालत बाहेर गेले. मी मागून बघत होते. पाऊल कसं पडतंय ते मला आता दिसत होतं, आणि एकदा दिसलं की न दिसल्यासारखं करता येत नाही.

वाटेत भांडलो. भर रस्त्यात, आयुष्यात पहिल्यांदा.

मी म्हटलं, "मशीनला मोटर लावा. उजव्या पायाने नुसतं टेकवलं की चालतं. खोका पलंगाखाली आहे."

"तो खोका माझ्यापुढे काढायचा नाही."

"का?"

"बाबांच्या मशीनला वीज लावायची असती तर तेव्हाच लावली असती."

"तेव्हा लावली असती तर बाबा शिवत बसले असते," मी म्हटलं.

ते थांबले. मला वाटलं आता हात उगारतील, तसे ते कधी नाहीत, पण चेहरा तसा झाला. मग अगदी हळू म्हणाले, "माझ्या पायावर सही करायला तो येणार आहे का? त्याला बोलावलंयस का तू?"

भाऊजी, तुमच्या नावाशिवायही तुम्ही या घरात असे आहात.

त्या दिवसाचं मी कधी तुमच्याशी बोलले नाही. आज जेवढं मला माहीत आहे तेवढंच लिहिते. मामंजींचा पाय काळा पडत चालला होता. तुम्ही इस्पितळातून निरोपावर निरोप धाडत होतात आणि हे दुकानात बसून प्रत्येक निरोप्याला सांगत होते, "एवढी बाही लावतो आणि निघतो." ती बाही लागत नव्हती. मी स्वतः पाहिलं, लावत होते आणि उसवत होते. तुम्ही सही केलीत. तुम्ही केली नसतीत तर मामंजी त्याच आठवड्यात गेले असते. आणि नंतर सगळ्यांदेखत यांनी तुम्हाला म्हटलं, "बाबांना अर्धं केलंस." तुम्ही जाऊन मशीनची मोटर आणलीत. मामंजींनी खोक्यावरून हात फिरवला, "लावून बघू," म्हणाले. हे म्हणाले, नाही. मामंजी गेल्यावर तुम्ही खोका तसाच ठेवून निघून गेलात.

यांना तुमचा राग नाही, असं मला वाटायला लागलंय. राग असता तर खोका कधीच विकला असता. भंगारवाला दर महिन्याला दारावर येतो. खोका हलवू देत नाहीत. त्याच्यावरची धूळसुद्धा मला झाडू देत नाहीत.

रोज सकाळी उठून मी आधी त्यांच्या तळव्यांवरून हात फिरवते. झोपेत असतात तेव्हा. ऊब वाढते आहे. आणि दिवसभर तो आवाज, खट... घर्र. देवाचं नाव घ्यायला बसले की त्याच्याच लयीत घेतलं जातं. कालपासून मी नाव घेणं थांबवलंय, त्या लयीत नको म्हणून.

तुम्ही या, असं मी म्हणत नाही. म्हणायला मला तोंड नाही.

वहिनी


२२ जुलै

प्रिय भाऊजी,

घाईत आहे. सोबतच्या पुडक्यात लाकडी दांडा आहे. उघडल्याबरोबर ओळखाल. मशीनचा पायडल आणि चाक जोडणारा, मामंजींनी स्वतः तासून बसवलेला. तुम्ही दोघांनी त्यावर लहानपणी दातांनी केलेल्या खुणा अजून आहेत.

आज हे बँडवाल्यांची मापं पुन्हा घ्यायला गेले. पाऊल चपलेत मावेना म्हणून पायात मोजा चढवून गेले. पुडकं पोस्टात टाकायला मला तेवढाच वेळ होता. मी मशीनखाली आडवी झाले आणि डाव्या हाताने स्क्रू काढले. उजवा हात वर धरून ठेवायचा होता, तो जेवढा वर जातो तेवढाच वर तो दांडा होता. आजवर ज्याला चप्पल लावू दिली नाही त्याचे मी सांधे सोडवले. क्षमा मागावी म्हणून हात जोडले, तर फट. तशीच मागितली.

नवा दांडा करून घ्यायचा तर सुताराकडे जावं लागेल. सुताराला मी जाऊन सांगून आले आहे की आमचं कुठलंही काम घेतलंस तर माझ्याशी गाठ आहे. बँडमास्तरांनाही भेटले. म्हटलं, कोट उशिरा मिळतील, माणूस आजारी आहे. ते मोठ्या मनाचे निघाले. म्हणाले, "वहिनी, आग विझवायला आम्ही कधी नवे कोट घातले नाहीत, वाजवायला कशाला लागतील?"

पोचपावतीसकट पाठवते आहे. जादा खर्च आहे, पण ही वस्तू हरवून चालणार नाही.

पोस्टाने परत पाठवायचा नाही. आला तरी मी घेणार नाही.

वहिनी


३ ऑगस्ट

प्रिय भाऊजी,

पोचपावती आली. तुमचा शब्द नाही, पण सही आहे. तशीच, खाली लांब रेघ ओढलेली. सही करायला तुम्ही घाबरत नाही हे बघून मला फार बरं वाटलं. पावती हिशेबाच्या वहीत लावली, कुठल्या खात्यात ते कळेना, म्हणून देवाच्या.

आता ऐका.

त्या दिवशी हे परत आले, मशीनवर बसले. पाय टेकवला आणि पायडल नुसताच खाली गेला, निर्जीव. पुन्हा टेकवला. मी ओट्याशी. हाक येईल म्हणून कान देऊन उभी. हाक आली नाही. जाऊन पाहिलं तर जमिनीवर बसलेले, मशीनखाली हात घालून, जिथे दांडा असायचा त्या रिकाम्या जागेत बोटं फिरवत होते.

माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाबांनी नेला."

मी खोटं बोलत नाही हे तुम्हाला माहीत आहे. खरंही बोलले नाही. अळीमिळी गुपचिळी. देवामागची काडेपेटी तेवढी आणून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी उघडली. टाचणी बघितली.

"ही कुठली?"

"तुमच्या तळव्यातली. मेमध्ये काढली. तेव्हा तुम्ही कॉलरबद्दल बोलत होता."

त्यांनी टाचणी उजेडात धरली, मग आपल्या पायाकडे पाहिलं. तो पाय आपला नव्हेच, कुणाचा तरी दुकानात विसरून राहिलाय, अशा नजरेने. मग म्हणाले, "माझे बाहेरचे कपडे दे. जाऊ या."

प्लास्टर घातलं. गुडघ्यापर्यंत. बाई म्हणाल्या, वेळेत आलात असं म्हणणार नाही, पण उशीर झाला असंही म्हणणार नाही. जखम नाही, हे नशीब. दर काही दिवसांनी सूज उतरेल तसं बदलायचं. कुबड्या दिल्यात. या घरात पुन्हा कुबड्या, पण या वेळी दोन्ही पायांच्या माणसाला.

घर फार शांत झालंय. इतकी शांतता मला सोसवत नाही. भाजी चिरताना हात चुकतो.

आणि तरीही, परवा दुपारी तो आवाज आला. मी देवापुढे बसले होते, आणि पुढच्या खोलीतून खट... घर्र. खट... घर्र. मशीनला दांडा नाही, भाऊजी. तो तुमच्याकडे आहे. माझ्या अंगावर काटा उभा राहिला, देव समोर असूनसुद्धा. मी उठले. मशीन स्थिर. चाक स्थिर. आवाज आतल्या खोलीतून येत होता, पलंगावरून. हे गाढ झोपलेले. आणि चादर हलत होती. डावी बाजू. वर-खाली, वर-खाली, त्याच लयीत, आणि प्लास्टरची टाच पलंगाच्या फळीवर आपटून घासत होती. मामंजी ज्या पलंगावर झोपायचे त्याच पलंगावर.

मला कळत होतं की हे झोपेत शिवतायत, कोट राहिलेत म्हणून. कळूनही हात पुढे जाईना. कारण तेव्हा मी चादर कधी उचलली नव्हती.

या वेळी उचलली.

पाय होता.

त्यांना जाग आली. "काय बघतेस?"

"पाय."

"आहे का?"

"आहे."

छताकडे बघत पडून राहिले. मग म्हणाले, "मला स्वप्न पडलं होतं. मी बाही लावत होतो. बाबा समोर बसले होते, म्हणत होते, ऊठ, तो एकटाच आहे तिकडे. मी म्हणत होतो, एवढी लावतो आणि निघतो." थोड्या वेळाने म्हणाले, "अगं, बाबांना तुझी बशी कुठे असते ते ठाऊक नव्हतं."

मला कळेना.

"दांडा बाबांनी नेला, ठीक. पण काढलेले स्क्रू ओट्यावरच्या बशीत, वर झाकण घालून? बाबा स्क्रू तोंडात धरायचे."

एक स्क्रू हरवायला नको म्हणून मी जपून ठेवले होते हो! काटकसर नडली. म्हणजे त्यांना पहिल्याच दिवशी समजलं होतं. आणि तरी "बाबांनी नेला" म्हणाले. हरायला कुणीतरी मोठं माणूस लागतं त्यांना, बायकोपुढे हरता येत नाही.

"कुठे पाठवलास?" विचारलं.

मी सांगितलं.

मला वाटलं, झालं आता. मग म्हणाले, "खोका काढ."

मी पलंगाखालून ओढला. एका हाताने, जरा दोन्ही हातांनी. धूळ त्यांनी स्वतः पुसली, आपल्या बाहीने. आत मोटर तशीच, तेलाच्या कागदात गुंडाळलेली, आणि तुमच्या अक्षरातली चिठ्ठी, कुठली तार कुठे. त्यांनी ती वाचली, पुन्हा वाचली.

"हे मला जमणार नाही," म्हणाले.

"वीजवाल्याला बोलावू?"

"कशाला? ज्याने आणली त्याला येतं."

एवढंच. मीही ताणलं नाही. पण तुम्हाला कळवू नको असंही म्हणाले नाहीत. मी पत्र लिहिते आहे हे या वेळी त्यांना दिसतंय. मघाशी लांबूनच म्हणाले, "बाहीचा कागद वापरू नकोस, तो लागेल. पाठीचा घे." म्हणून हा पाठीचा आहे.

दांडा घेऊन या. आता तो कुणाच्या पायाखाली लावायचा नाही, पण तो इथला आहे. आणि येताना साधी चप्पल घालून या. दुकानात टाचण्या आहेत. मामंजींचा नियम मी मोडला आहे. या घरात आता कुणीही अनवाणी फिरायचं नाही, मशीनसमोरसुद्धा नाही.

माझ्या खांद्याचं विचाराल तर सुटतोय. पैलवानीण खूश आहे. साखर उतरली आहे, कळ येते पण थोडी. हातांची फट मात्र आहे तशीच. डॉक्टरीणबाई म्हणतात, ती राहीलही. राहू दे. देवाला तिच्यातून मी दिसत असेन. भिंतीवरच्या खडूच्या रेघा चढत चढत वर गेल्या आहेत, आणि काल सकाळी माझी बोटं दाराच्या वरच्या कडीला टेकली. धरता आली. ओढताही आली असती.

लावली नाही. तुम्ही येईपर्यंत लावणार नाही. कधीही पोचलात तरी हाक मारू नका, दार नुसतं ढकला.

तुमची
वहिनी